राष्ट्रपती स्काउट पुरस्काराची तयारी: पथकात दाखल होण्यापासून चाचणी शिबिरापर्यंत, खानदेशातल्या मुलांसाठी

भारत स्काउट्स आणि गाइड्स या संघटनेत शाळकरी वयाच्या स्काउटला मिळणारा सर्वोच्च सन्मान म्हणजे राष्ट्रपती स्काउट पुरस्कार. मुलींसाठी तोच राष्ट्रपती गाइड पुरस्कार. प्रमाणपत्रावर राष्ट्रपतींची सही असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या शाळांत पथकं आहेत, १५ ऑगस्टला गणवेशातली मुलं रांगेत उभी दिसतात, पण त्यांतली फार थोडी या पुरस्कारापर्यंत पोचतात. गाठी जमत नाहीत म्हणून सहसा कोणी मागे राहत नाही. मुलं अडकतात ती तारखांत. सुरुवात उशिरा झालेली असते, मधल्या एका टप्प्याचं प्रमाणपत्र सापडत नाही, किंवा नेमकी दहावी डोक्यावर येते. म्हणून दोरी हातात घेण्याआधी कॅलेंडर हातात घ्या.

आधी महिने मोजा

वाट अशी आहे: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. एकही पायरी गाळता येत नाही. प्रत्येक पायरीला किमान काळ ठरलेला आहे आणि तो आधीची पायरी उत्तीर्ण झाल्याच्या तारखेपासून मोजतात. प्रवेशाला ३ महिने, प्रथम सोपानाला ६, द्वितीय आणि तृतीय सोपानाला प्रत्येकी ९. म्हणजे तृतीय सोपानापर्यंतच २७ महिने झाले. पुढच्या दोन पुरस्कारांसाठी मिळून आणखी पावणेदोन-दोन वर्षं हातात ठेवा. मूल हुशार आहे म्हणून हा काळ कमी होत नाही.

आता हे शाळेच्या वर्षांवर बसवून बघा. सहावीच्या जूनमध्ये पथकात आलेला मुलगा सप्टेंबरात प्रवेश पूर्ण करतो, मार्चमध्ये प्रथम सोपान, सातवीच्या डिसेंबरात द्वितीय आणि आठवीच्या सप्टेंबरात तृतीय सोपान. नववीत राज्य पुरस्कार झाला तर राष्ट्रपती पुरस्काराची तयारी थेट दहावीत येते. आणि हे एकही महिना वाया गेला नाही असं धरून. शाळेत पाचवीचा वर्ग असेल आणि मुलाला १० वर्षं पूर्ण झाली असतील तर पाचवीतच नाव घाला. ते एक वर्ष शेवटी फार कामाला येतं.

आठवीत सुरुवात करणाऱ्यांनी नाउमेद होऊ नये, पण हिशेब खरा मांडावा. तुमचा तृतीय सोपान दहावीच्या सप्टेंबरात येईल, पुढचं काम अकरावी-बारावीत करावं लागेल. वयाची १८ वर्षं पूर्ण व्हायच्या आत सगळं आटोपलं पाहिजे. त्यासाठी कनिष्ठ महाविद्यालयात पथक आहे का, नसेल तर गावात शाळेबाहेरचं खुलं पथक आहे का, हे दहावीचा निकाल लागायच्या आधी शोधून ठेवा. निकालानंतर शोधायला लागलात तर चार-सहा महिने असेच जातात.

दोन गोष्टी पथकात शिरतानाच स्काउट मास्तरांना विचारा. एक, पथकाची वार्षिक नोंदणी यंदा झाली आहे का, आणि आपलं नाव ऑनलाइन नोंदणीत चढलं आहे का. एखाद्या वर्षी नोंदणी राहिली तर त्या वर्षीचं कामही मोजलं जात नाही. दोन, स्काउट मास्तरांचं प्रशिक्षण कुठवर झालं आहे: बेसिक, ॲडव्हान्स की हिमालय वुड बॅज. वरच्या पुरस्कारांसाठी मुलं तयार करायची तर प्रशिक्षित स्काउटर, म्हणजे पथक चालवणारा मोठा माणूस, लागतो. हे विचारण्यात उद्धटपणा काही नाही. चांगले सर स्वतःच सांगतात.

भुसावळकरांसाठी एक वेगळी सूचना. संघटनेच्या रचनेत मध्य रेल्वेसारख्या रेल्वेच्या झोनना स्वतंत्र राज्याचा दर्जा आहे. रेल्वेच्या पथकात असलेल्या मुलाची कागदपत्रं मध्य रेल्वेमार्फत जातात, जळगाव जिल्हा संस्थेमार्फत नाहीत. वडिलांची बदली झाली किंवा मुलाने शाळा बदलली तर जुन्या पथकाकडून बदलीचा दाखला आणि उत्तीर्ण टप्प्यांची प्रमाणपत्रं त्याच आठवड्यात घ्या.

अभ्यासक्रमासाठी गाइडबुकांच्या झेरॉक्सवर विसंबू नका. संघटनेची नियमपुस्तिका, जिला सगळे ए.पी.आर.ओ. म्हणतात, तिचा दुसरा भाग स्काउटसाठी आणि तिसरा गाइडसाठी आहे. त्याची चालू आवृत्ती पथकात एक तरी असावी. सुधारणा होत राहतात आणि जुन्या झेरॉक्सवर तयारी केलेला मुलगा शिबिरात भलतंच उत्तर देतो.

लॉगबुक: सगळ्यांत जास्त मुलं इथे अडतात

परीक्षक तुम्हाला भेटायच्या आधी तुमच्या लॉगबुकाला, म्हणजे उपक्रमांच्या नोंदवहीला, भेटतो. ते मुलाच्या हस्ताक्षरात हवं. आईने किंवा ताईने सुबक अक्षरात लिहून दिलेली वही तोंडी परीक्षेत दोन मिनिटांत उघडी पडते, कारण पान उघडून "हे कसं केलंस?" एवढंच विचारलं जातं.

दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची वही घ्या. पहिल्या पानावर नाव आणि जन्मतारीख. ही दोन्ही शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे, शब्दाला शब्द. वडिलांचं नाव एका कागदावर 'भिकन' आणि दुसऱ्यावर 'भिका' असलं की पुढे प्रत्येक टेबलावर खुलासा करावा लागतो. आधार कार्ड आणि शाळेचा दाखला यांत फरक असेल तर तो प्रथम सोपानाच्या आतच दुरुस्त करून घ्या. राष्ट्रपती पुरस्काराच्या अर्जावेळी तेवढा वेळ नसतो.

प्रत्येक उपक्रमाला एक पान द्या आणि त्यात एवढं यावं: तारीख, वेळ, ठिकाण, कोण कोण होतं, काय साहित्य वापरलं, काय केलं, काय चुकलं, स्काउट मास्तरांची सही आणि तारीख. 'काय चुकलं' ही ओळ बहुतेक मुलं गाळतात. ती ठेवा. जिथे सगळं सुरळीत पार पडलेलं दिसतं त्या पानावर परीक्षकाचा विश्वास बसत नाही. फोटो छापून चिकटवा, मागे तारीख लिहा. व्हॉट्सॲपवरचे फोटो मोबाइल बदलला की गेले.

तारखांची एक चूक फार आढळते. चार प्रावीण्य पदकांच्या (एकेका कौशल्यासाठी मिळणाऱ्या बॅजच्या) प्रमाणपत्रांवर एकच दिवस पडतो, किंवा एखाद्या पदकाची तारीख त्याआधी पूर्ण व्हायला हवा असलेल्या सोपानाच्या अगोदरची निघते. अर्ज तिथेच परत येतो. प्रमाणपत्र हातात पडलं की घरी जाण्याआधी तारीख वाचा.

रोजच्या सत्कृत्याची डायरी वेगळी ठेवा. रोज एक ओळ पुरे. 'आजीला मदत केली' असं तीनशे वेळा लिहू नका. कोणती मदत ते लिहा: दवाखान्याच्या रांगेत नंबर लावला, हंडा उचलून दिला.

दोरी आणि बांबू

गाठींचा क्रम पथकात शिकवतातच: रीफ नॉट, शीट बेंड, क्लोव्ह हिच, बोलाइन, शीपशँक, फिशरमन्स नॉट आणि पुढे टिंबर हिच, रोलिंग हिच, लॅशिंग (दोन बांबू दोरीने एकमेकांना बांधणं). गाठ डोळे मिटून, थंडीत आणि ओल्या दोरीने आली पाहिजे. प्रत्येक गाठीचा उपयोगही सांगता आला पाहिजे. बोलाइन विहिरीत पडलेल्याच्या कमरेला का बांधतात? कारण तिचा फास आवळत नाही. असं कारण हवं.

जास्त वेळ द्यायचा तो स्क्वेअर लॅशिंगला, कारण शिबिरातलं फाटक, भांड्यांचा मांडव, पाण्याचं स्टँड, सगळं त्यावर उभं असतं. दोन बांबू काटकोनात. उभ्या बांबूवर, आडव्याच्या लगेच खाली, क्लोव्ह हिच मारा. दोरीचं सुटं टोक मुख्य दोरीभोवती पिळून घ्या, नाहीतर ते नंतर लोंबत राहतं. मग आडव्यावरून, उभ्याच्या मागून, पुन्हा आडव्यावरून खाली असे तीन-चार वेढे. पुढचा वेढा आडव्या बांबूवर आधीच्या वेढ्याच्या बाहेर आणि उभ्या बांबूवर आत बसला पाहिजे. एकावर एक चढला की बांध सैल पडलाच. त्यानंतर दोन बांबूंच्या मधून, वेढ्यांभोवती, दोन-तीन आवळ वेढे. इथे हाताने ओढून भागत नाही. दोरी छोट्या दांडक्याला गुंडाळा आणि पाय टेकवून ओढा. शेवट आडव्या बांबूवर क्लोव्ह हिचने. तपासणी सोपी आहे: आडव्यावर आपलं वजन टाका, बांबू सरकला किंवा कुरकुरला तर सोडा आणि पुन्हा बांधा.

दोरी किती लागते? दोन्ही बांबूंचे व्यास मिळून जितके इंच होतात, तितके तीन-तीन फूट. अडीच इंची दोन बांबू असले तर १५ फूट. नायलॉनची चकचकीत दोरी बाजारात स्वस्त मिळते, पण ती बांबूवर घसरते. सुती किंवा तागाची जाड दोरी घ्या आणि टोकांना व्हिपिंग करा, म्हणजे टोक उसवू नये म्हणून त्यावर बारीक दोरा घट्ट गुंडाळा. बांबू नंदुरबारकडे चांगला मिळतो, पण कोवळा हिरवा बांबू वाळताना आकसतो आणि काल घट्ट असलेला बांध आज हलतो. शिबिरासाठी वाळलेला बांबू वापरा.

तंबूच्या खुंट्यांचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि खुंटी भेगेत नुसती उभी राहते. पावसाळ्यात तीच जमीन लोण्यासारखी मऊ होते. दीड फुटाची लांब खुंटी, तंबूच्या उलट दिशेला कललेली आणि तिच्यामागे दोरीने जोडलेली दुसरी खुंटी, एवढं केलं की वादळी वाऱ्यातही तंबू टिकतो. शक्य असेल तेव्हा मुरमाची जागा निवडा.

चूल आणि स्वयंपाक

दोनपेक्षा जास्त काड्या न वापरता चूल पेटवता आली पाहिजे. त्यासाठी सगळी तयारी काडी ओढायच्या आधी झालेली असावी: मूठभर वाळलेलं गवत, बोटाएवढ्या काटक्या, मग मनगटाएवढी लाकडं, तीन वेगळे ढीग. कपाशीच्या पऱ्हाट्या आपल्याकडे हिवाळ्याअखेर हव्या तेवढ्या असतात. त्या झटकन पेटतात आणि झटकन विझतात. वांगी भाजायला त्यांच्यासारखं काही नाही, पण खिचडी त्यांवर अर्धी कच्ची राहते. शिजवायला बाभळीचं लाकूड हवं.

भांड्यांशिवाय स्वयंपाक करून दाखवायचा असतो तेव्हा बाहेरगावची मुलं बटाटे भाजतात. खानदेशच्या मुलाकडे भरीत आणि बट्टी आहे, दुसरीकडे बघायची गरजच नाही. आठ जणांच्या संघासाठी एक किलो जाडसर गव्हाचं पीठ, थोडा रवाळ मका, ओवा, मीठ, हळद, अर्धी वाटी तेल. घट्ट मळून सोळा गोळे करा, प्रत्येकाला दोन. गोळ्याच्या मधोमध अंगठ्याने खळगा पाडा, त्यामुळे आच आतपर्यंत पोचते. गोवऱ्या पेटवा आणि ज्वाळा पूर्ण बसून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. घाई करून ज्वाळेत बट्टी टाकली की बाहेरून कोळसा आणि आत पीठ. आरात अर्धा-पाऊण तास ठेवा, दोनदा उलटा. वांग्यांना तेलाचा हात लावून सुरीने टोचे मारा, नाहीतर ती फुटतात. भरताची मोठी वांगी हिवाळ्यात भरपूर येतात, त्यामुळे कुक पदकाची परीक्षा डिसेंबर-जानेवारीत ठरवणं सोयीचं.

यावल किंवा गौताळा अभयारण्यात, तसंच राखीव जंगलात चूल पेटवू नका. वनविभागाची लेखी परवानगी मुक्कामासाठीही लागते. पाटणादेवी, पाल, तोरणमाळ अशा ठिकाणी जायचं तर स्काउट मास्तरांनी किमान तीन आठवडे आधी अर्ज द्यावा. पालकांची संमतिपत्रंही सोबत हवीत.

हाइक आणि नकाशा

अंतराचा अंदाज पावलांवर बसवा. शाळेच्या मैदानात टेपने १०० मीटर मोजा आणि नेहमीच्या चालीने चार वेळा चाला. सरासरी १४० पावलं आली तर तुमचं पाऊल सुमारे ७१ सेंटिमीटरचं. वाढत्या वयात हे बदलतं, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. सातवीतला आकडा घेऊन नववीत नकाशा काढला की गाव शंभर मीटर सरकतं.

नदीची रुंदी न ओलांडता काढायची पद्धत गिरणा किंवा पांझरेच्या काठी शिकावी. पलीकडचं एक झाड निवडा आणि त्याच्या बरोबर समोर काठावर दगड ठेवा. काठाने सरळ ३० पावलं चालून लाठी रोवा. त्याच रेषेत आणखी १५ पावलं जा. आता नदीकडे पाठ करून काटकोनात चालत राहा आणि मागे बघत जा. लाठी आणि ते झाड एका रेषेत दिसलं की थांबा. शेवटच्या टप्प्यात जितकी पावलं झाली त्याची दुप्पट म्हणजे नदीची रुंदी. वळण काटकोनात नसेल तर उत्तर चुकतं, म्हणून होकायंत्राने ९० अंश तपासा.

पाण्यात उतरायची बाब मात्र वेगळी. पोहण्याचा सराव तलावात, शिकवणाऱ्याच्या देखरेखीत करा. वाळू उपशामुळे आपल्या नद्यांच्या पात्रात खोल खड्डे पडले आहेत आणि वरून पाणी गुडघाभरच दिसतं.

हाइक ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी. मार्चनंतर दुपारी अकराच्या पुढे मुलांना उघड्यावर चालवू नये. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो.

प्रथमोपचार

पट्ट्या, झोळी, स्ट्रेचर सगळे शिकतात. खानदेशात खरी गरज पडते ती उष्माघात आणि सर्पदंश या दोन वेळी, आणि परीक्षकही प्रसंग देऊनच विचारतात.

उष्माघात: अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध, तोल जातो. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, मान, काखा आणि जांघांत ओली फडकी ठेवा, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. शुद्धीत असलेल्या, नुसत्या थकलेल्याला क्षारसंजीवनी द्या. घरी करायची तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. शिगोशीग भरला तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला ते बाधतं.

सर्पदंश: चिरा देऊ नका, चोखू नका, दोरी आवळून बांधू नका. ज्याला चावा झाला त्याला चालू देऊ नका, हात-पाय मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून स्थिर ठेवा, अंगठी आणि कडं काढा, प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी रुग्णालयात न्या. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जीव घेतो, हे पाड्यावर जाऊन पावरी किंवा अहिराणीत समजावून सांगता आलं तर तीच मोठी सेवा.

सीपीआर (हृदय थांबलेल्याच्या छातीवर दाब देणं): मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटिमीटर, ३० दाबांमागे २ श्वास. सराव पुतळ्यावरच करा, मित्राच्या छातीवर कधीही नाही.

सेवा प्रकल्प

वृक्षारोपणाचे फोटो परीक्षकाने हजारो पाहिलेले असतात. ज्याचा परिणाम मोजता येतो असं काम घ्या. उदाहरणार्थ सांडपाणी जमिनीत जिरवणारा शोषखड्डा: एक मीटर लांब, रुंद आणि खोल, तळाशी मोठे दगड, मध्ये मध्यम, वर खडी, मग गोणपाट आणि माती. विहीर किंवा हातपंपापासून निदान १५ मीटर दूर.

पण आपल्याकडे त्याआधी एक चाचणी घ्यावी लागते. खड्ड्याच्या तळाला एक फूट खोल छोटा खड्डा करून पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि घड्याळ लावा. तासाभरात पाणी एक इंचही उतरलं नाही तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. तापीकाठच्या चिकण जमिनीत असं होतं. पहिल्याच पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि डासांचं घर होतो. अशा जागी सांडपाणी चर काढून केळी किंवा अळूच्या वाफ्याला द्या. चाचणी घेऊन बेत बदलला हे लॉगबुकात लिहा. परीक्षकाला नेमकं तेच वाचायचं असतं. काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीचं परवानगी पत्र, झाल्यावर सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याचं (पूर्वीच्या ग्रामसेवकाचं) पत्र, आणि सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन काढलेला फोटो, असे तीन कागद लावा.

चाचणी शिबिर

राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार या दोन्हींच्या शिबिरांत लेखी, प्रात्यक्षिक आणि तोंडी अशी परीक्षा होते. गणवेश नव्याने शिवायची गरज नाही, पण नियमाबरहुकूम हवा: बॅज योग्य जागी शिवलेले, स्कार्फ इस्त्रीचा, बूट पॉलिश केलेले. न मिळालेला एकही बॅज अंगावर नको. नियम आणि वचन पाठ असतंच, पण नऊ नियमांपैकी एकाचं आपल्या आयुष्यातलं उदाहरण विचारलं जातं. तिथे पाठ केलेलं भाषण अडखळतं.

मराठी माध्यमाच्या मुलांना राष्ट्रीय पातळीवर हिंदीत बोलावं लागतं. गाठी, प्रथमोपचार आणि प्रकल्प यांबद्दल हिंदीत पाच-पाच मिनिटं बोलायचा सराव दोन महिने आधी सुरू करा. व्याकरण तपासायला कोणी बसलेलं नसतं. बोलणं थांबता कामा नये.

संघटनेचं राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र मध्य प्रदेशात पचमढीला आहे. तिथे जायचं झालं तर भुसावळहून इटारसीमार्गे पिपरिया स्टेशन आणि तिथून पन्नासेक किलोमीटर घाट. पचमढीचा हिवाळा आपल्या थंडीपेक्षा बराच कडक असतो. सामान हलकं ठेवा, पण एक ब्लँकेट जास्त घ्या. मूळ कागदपत्रं अंगावरच्या पिशवीत आणि झेरॉक्सचे दोन संच वेगवेगळ्या बॅगांत.

मूळ प्रमाणपत्र यायला वेळ लागतो, तोवर निकालाचं पत्र जपा. दहावी-बारावीच्या परीक्षेत स्काउट-गाइडना सवलतीचे गुण मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेने मुदतीत मंडळाकडे पाठवावा लागतो. शाळेच्या कार्यालयात दिवाळीनंतरच आठवण करून द्या आणि पोच घ्या. रेल्वेत स्काउट-गाइड कोट्यातून भरती होते, तिथेही राष्ट्रपती पुरस्काराचं मूळ प्रमाणपत्र मागतात. ते लॅमिनेट करू नका. पडताळणीच्या वेळी मूळ कागद तपासावा लागतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि स्कॅन करून घरातल्या दोघांच्या ईमेलवर पाठवून ठेवा.